यकृताची गाठ: स्कॅनवर दिसते, आतलं दिसत नाही (निवेदन)

ही मधली रेघ बघा. डिशमध्ये यकृताच्या कॅन्सरच्या पेशींची चादर पसरलीय आणि पिपेटच्या टोकाने त्यात सरळ ओरखडा काढलाय. व्हिडिओ पळवलाय. दोन्ही काठांवरच्या पेशी सरकत सरकत पुढे येतायत, आणि दीड-दोन दिवसांत ती रेघ जवळपास बुजून जाते.

यकृत हा मुळात स्वतःला भरून काढणारा अवयव, काही भाग कापून काढला तरी परत वाढतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. हिपॅटायटिस बी किंवा सी, दारू, चरबी, काहीही असो, वर्षानुवर्षं पेशी मरतात, नव्या होतात, मध्ये व्रण साचत जातात. प्रत्येक विभाजनात गुणसूत्रांची टोकं थोडी झिजतात, म्हणजे पेशीला कधीतरी थांबावंच लागतं. ती टोकं परत बांधणारं टर्ट नावाचं जीन मोठ्या माणसाच्या यकृतात जवळपास बंद असतं, पण साधारण ६०% गाठींमध्ये त्याच्या स्विचवरच म्युटेशन सापडतं. हिपॅटायटिस बीचा व्हायरस तर कधीकधी आपला डीएनए नेमका या जीनशेजारी घुसवतो. मग थांबायचं कारणच उरत नाही.

आता हा स्कॅन. निरोगी यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, गाठ मात्र धमनीवर जगते, म्हणून स्कॅनसाठीचा डाय रक्तात सोडल्या सोडल्या आधी ती उजळते, बघा, आणि थोड्या वेळाने आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी पडते. सिरॉसिसच्या, म्हणजे व्रण साचून यकृत कडक झालेल्या पेशंटमध्ये एवढ्यावर निदान होतं, सुई टोचावी लागत नाही. पेशंटचा त्रास वाचतो हे खरंच, पण तुकडाच हातात येत नाही, आणि मग या माणसाच्या गाठीत टर्ट बिघडलंय, का बीटा-कॅटेनिन किंवा पी५३ ही दुसरी जीन्स, हे कुणालाच कळत नाही. औषध तरीही सुरू होतं.

ही हिरवी जाळी म्हणजे ई-कॅधेरिन, पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं प्रोटीन. टीजीएफ-बीटा हे पेशींना संदेश देणारं प्रोटीन टाकलं की जाळी विरते, पेशी लांबट होतात, सुट्या होतात. शरीरात अशाच पेशी पोर्टल व्हेनमध्ये शिरतात, पुढे बहुतेकदा फुफ्फुसात.

यकृताच्या कॅन्सरसाठी सोराफेनिब हे औषध २००७ मध्ये आलं. मोठ्या ट्रायलमध्ये जगण्याचा मध्यक, म्हणजे निम्मे पेशंट जिथवर जगतात तो काळ, ७.९ महिन्यांवरून १०.७ वर गेला.

इथे जरा थांबून बघा, आमच्या शूटमधला हाच शॉट सगळ्यात बोलका आहे. दोन्ही डिशमध्ये तोच चमकणारा रंग भरलाय. डावीकडच्या पेशी चमकतच राहतात, उजवीकडच्या हळूहळू विझतायत, कारण त्यांच्या आवरणात पंप आहेत आणि ते रंग बाहेर फेकतायत. कितीतरी औषधंही असेच पंप बाहेर टाकतात. पंप नसला तरी दुसरी वाट असते: लेन्व्हाटिनिब या दुसऱ्या औषधाने वाढीचा एक रस्ता अडवला की काही गाठी ईजीएफआरचा, म्हणजे वाढीचे संदेश घेणाऱ्या दुसऱ्या प्रोटीनचा रस्ता उघडतात, आणि तोही सोबत अडवला तर लॅबमध्ये त्या मरतात. पण आपल्यासमोरची गाठ त्यातली आहे का, हे स्कॅन सांगत नाही.

आणि हा बायोप्सीचा तुकडा, मेणात बसवलेला. पातं फिरतंय, चार मायक्रॉनची पट्टी कोमट पाण्यावर तरंगतेय, ताई ती अलगद स्लाइडवर घेतायत. यावर आता बीटा-कॅटेनिनचं स्टेनिंग होईल. तपकिरी रंग पेशीच्या कडेला दिसला तर एक गोष्ट, केंद्रकात दिसला तर दुसरी.