गुप्त कपाटाची किल्ली

कॅथलिक चर्चच्या कायद्यातली 489 आणि 490 ही कलमं सांगतात की प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे एका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागात, एक गुप्त दप्तर असावं, कायम कुलूपबंद, आणि किल्ली फक्त बिशपांकडे. नैतिक गुन्ह्याच्या प्रकरणातला आरोपी वारला, किंवा शिक्षा होऊन 10 वर्षं उलटली, की ती कागदपत्रं नष्ट करायची. मागे ठेवायचा तो थोडक्यात गोषवारा आणि निकालपत्र.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात, धर्मगुरूंनी मुलांवर केलेल्या लैंगिक अत्याचारांच्या तपासासाठी, ही दप्तरं समन्स बजावून मागवावी लागली. ग्रँड ज्युरी, म्हणजे बंद दाराआड पुरावे तपासणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, दोन वर्षं काम करत होती. सहा धर्मप्रांत, पाच लाख पानं. 14 ऑगस्ट 2018 रोजी अहवाल आला. त्यात आरोप असलेले 300 हून अधिक धर्मगुरू आहेत आणि ओळख पटलेली हजारावर मुलं.

पानापानावर एकच रीत दिसते. ‘बलात्कार’ लिहायचं नाही, ‘अनुचित संपर्क’ लिहायचं. चौकशीला प्रशिक्षित माणूस नको, सोबतचेच धर्मगुरू बसवायचे. आरोपीला चर्चच्याच उपचारकेंद्रात पाठवायचं. रजेचं खरं कारण भाविकांना सांगायचं नाही. बोभाटा झालाच, तर जिथे त्याला कोणी ओळखत नाही तिथे बदली. आणि पोलिसांना कळवायचं नाही. या शेवटच्या नियमामुळेच बाकीचे सगळे चालू शकले.

इतके कागद हाती येऊनही त्या तपासातून खटले भरता आले ते फक्त दोन धर्मगुरूंवर. बाकी बरेचसे मरण पावले होते, आणि उरलेल्यांच्या बाबतीत खटला भरायची कायदेशीर मुदत संपली होती. भरपाईचा दावा पीडिताने वयाच्या तिसाव्या वर्षाआधी लावायचा, असा तेव्हाचा कायदा. जुन्या प्रकरणांना तर त्याहूनही कमी मुदत. घरात ज्यांचा शब्द देवाचा मानला जातो त्यांच्याविरुद्ध बोलायला अनेकांची पन्नाशी उलटते. कायद्याने हे कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

अहवालानंतर धर्मप्रांतांनी स्वतःचे भरपाई निधी काढले. पैसे स्वीकारले की कोर्टात जायचा हक्क सोडायचा, ही अट. पीडितांची मागणी वेगळी होती: मुदत संपलेल्यांना दावे लावता यावेत म्हणून दोन वर्षांची खिडकी उघडा, म्हणजे शपथेवर उत्तरं मिळतील.

2019 मध्ये फौजदारी मुदत उठली आणि दाव्याची वयोमर्यादा 55 झाली, पण फक्त पुढच्या प्रकरणांसाठी. खिडकीसाठी राज्यघटना बदलायची ठरलं. प्रस्ताव विधिमंडळाच्या लागोपाठ दोन सत्रांत मंजूर व्हावा, दरवेळी वर्तमानपत्रांत जाहिरात द्यावी, मग जनमत घ्यावं. पहिली मंजुरी मिळाली. आणि राज्याच्या खात्याने जाहिरातच दिली नाही. 2021 मध्ये ही चूक उघड झाली, खात्याच्या प्रमुखांनी राजीनामा दिला, पण सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. 2023 मध्ये सिनेटने ही दुरुस्ती मतदार ओळखपत्राच्या वादग्रस्त प्रस्तावाला बांधली, आणि ती पुन्हा अडकली. मुलांच्या न्यायाला राजकीय सौद्यात ओढणं अक्षम्य आहे.

शेजारच्या न्यूयॉर्कने अशी खिडकी साध्या कायद्याने 14 ऑगस्ट 2019 ला उघडली. दावे आल्यावर तिथले अनेक धर्मप्रांत दिवाळखोरीच्या कोर्टात गेले. तिथे अर्ज पडला की सगळे दावे जागीच थांबतात, आणि कोर्टाने दिलेल्या तारखेपर्यंत मागणी न नोंदवणारा सहसा बाहेर राहतो.

वसई, मुंबई किंवा गोव्यातल्या कुटुंबाने हे ऐकताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. बिशपांना पत्र देणं ही पोलीस तक्रार नव्हे. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या भारतीय कायद्याच्या कलम 19 नुसार गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं असतं. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 प्रमाणे एक वर्षापर्यंत कैद आहे. पोलिसांनी माहिती लिहून घ्यायची, देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि तिला नोंद क्रमांक द्यायचा. तो क्रमांक मागून घ्या.