क्रेट ओला का होतो?

श्रोते हो, नमस्कार.

कुत्र्याचं पिल्लू घरी आलं, त्याच्यासाठी क्रेट, म्हणजे झोपायचा दार असलेला पिंजरा, आला, आत मऊ गादी घातली, खेळणं ठेवलं. आणि सकाळी बघावं तर गादी ओली, पिल्लू ओलं आणि घरभर वास. पिल्लू पाळणाऱ्या कुठल्याही घरात विचारा, ही तक्रार ऐकायला मिळेल. आज बोलायचं आहे ते याच ओल्या क्रेटबद्दल.

एक गोष्ट आधीच सांगतो, आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे. पिल्लाला घाणीत झोपायला आवडत नाही. बिलकूल आवडत नाही. जन्मल्यावर पहिले दोन-तीन आठवडे तर त्याला स्वतःहून शू-शीही करता येत नाही. आई पोटाखालून चाटते तेव्हा ती होते, आणि चाटूनच आई ती साफ करते. म्हणजे त्याची पहिली झोपायची जागा कोरडी असते. तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला पायात जरा जोर आला, की ते डुगडुगत का होईना, झोपायच्या जागेपासून चार पावलं लांब जाऊन बसतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. क्रेटचा सगळा डोलारा या एका सवयीवर उभा आहे. म्हणून क्रेट ओला झाला, तर पिल्लाकडे नंतर बघा. आधी क्रेटकडे बघा आणि घड्याळाकडे बघा.

यावरून मला माझ्या मावशीच्या बोक्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे.

बोक्या म्हणजे कुत्रा. कुत्र्याचं नाव बोक्या का, हे मावशीला विचारायचं नाही. विचारणाऱ्याला ती ‘मग काय ठेवायचं होतं?’ असं विचारते आणि उत्तराची वाट बघत बसते. मावशी जन्मभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. काकांना पिल्लू हवं होतं, मावशीला नको होतं. त्यामुळे पिल्लू आल्यावर त्याचं सगळं मावशीकडे आलं, हे ओघानंच आलं. क्रेटही तिनेच निवडला. हिशेब पक्का: कुत्रा मोठा होणार, मग दोनदा खर्च कशाला? पूर्ण वाढलेला कुत्राही ऐसपैस मावेल असा क्रेट आणला आणि त्यात तीन महिन्यांचा बोक्या सोडला.

बोक्याने त्या क्रेटचे दोन भाग पाडले. पुढे झोपायची खोली, मागच्या डाव्या कोपऱ्यात संडास.

मावशीने काय करावं? एक लांबरुंद वही घेतली, पट्टीने रेघा आखल्या आणि हजेरीपट तयार केला. खाणं, पाणी, शू, शी, झोप, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. ही वही मी पाहिली आहे. पहिल्या पानावरचे शेरे असे: ‘मुद्दाम.’ त्याखाली ‘पुन्हा मुद्दाम.’ त्याखाली ‘माझ्याकडे बघत बघत.’ आणि मग, ‘नंतर मान खाली. म्हणजे कळतं सगळं.’

इथे मला जरा थांबू द्या, कारण हे ‘कळतं सगळं’ प्रकरण फार घरांत चालतं. कुत्रा डूख धरतो, सूड उगवतो, चूक केली की शरमतो, असं आपण छातीठोक सांगतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या संशोधिकेने २००९ साली याच शरमलेल्या चेहऱ्यावरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याला खाऊ खायची मनाई करून मालक खोलीबाहेर जायचा. परत आल्यावर त्याला कधी खरं सांगायचे, कधी खोटं. दिसलं असं, की खाऊ खाल्ला की नाही, याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता. मालक रागावला की चेहरा पडायचा. काहीच न केलेल्या कुत्र्याचाही पडायचा. तेव्हा मान खाली घातली म्हणजे गुन्हा कबूल, असं समजू नका. तासाभरापूर्वीच्या शूसाठी आत्ता रागावलात, तर पिल्लाला एवढंच कळतं की हा माणूस अधूनमधून बिनसतो. माणसांच्या बाबतीतसुद्धा आपण चेहऱ्यावरून फार निकाल लावतो, पण तो आजचा विषय नाही.

तर मावशीचा हजेरीपट. मावशी चिडकी असली तरी गणिताची बाई. पंधरवडाभर नोंदी झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की दुपारची शू-शी नेहमी त्याच कोपऱ्यात आणि नेहमी जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटांनी होते. म्हणजे नेमकी बोक्याला खाऊ घालून, क्रेटमध्ये ठेवून ती स्वतः आडवी होते तेव्हा. पोटात अन्न पडलं की पुढची आतडी कामाला लागतात, हे लहान बाळ वाढवलेल्या कुणालाही माहीत असतं. मावशीने जेवणानंतर त्याला आधी बाहेर न्यायला सुरुवात केली. क्रेटसोबत आलेली आडवी जाळी माळ्यावर पडली होती, ती काढून क्रेटमध्ये बसवली. बोक्याला उभं राहता येईल, गोल फिरता येईल, पाय ताणून झोपता येईल, एवढीच जागा ठेवली. संडासाचा कोपरा जाळीपलीकडे गेला. वहीत शेरा: ‘दुपार निकाली.’

राहिली पहाट. काही दिवस पहाटे क्रेट कोरडा, काही दिवस ओला. रात्रीचं खाणं तेच, पाण्याची वेळ तीच, झोपण्याआधीची फेरी तीच. मावशी हैराण. तिने रकाने वाढवले. बाहेर कुत्री भुंकली का? वीज गेली का? पाहुणे आले होते का? काहीच जुळेना. आणि एका सकाळी वही बघता बघता तिला दिसलं, की मधल्या एका दिवशी पेपर आला नव्हता आणि त्या दिवशी क्रेट कोरडा होता. मागे जाऊन बघितलं. वर्तमानपत्रांना सुट्टी होती तो दिवस, कोरडा. पेपर टाकणारा मुलगा आजारी होता ते दिवस, सगळे कोरडे.

दुसरं कुणी ‘योगायोग’ म्हणून सोडून दिलं असतं. मावशीने दुसऱ्या दिवसापासून लवकर उठून एक दिवसाआड पेपर लपवायला सुरुवात केली. स्वतःच्या गादीखाली. काकांना पत्ताच नाही. काका गॅलरीत उभे राहून त्या बिचाऱ्या मुलाच्या नावाने खडे फोडताहेत, तो मुलगा शपथा घेतोय की मी टाकला, आणि मावशी आत शांतपणे वहीत लिहितेय: ‘पेपर नाही. क्रेट कोरडा.’ ‘पेपर आहे. क्रेट ओला.’

उलगडा असा. काका पहाटे उठायचे. त्यांच्या पावलांनी बोक्याला जाग यायची आणि तो कुंई कुंई करायचा. काका म्हणायचे, ‘हो रे राजा, आलोच.’ तेवढ्यात दारात पेपर पडायचा. काका तो उभ्या उभ्या उघडायचे, फक्त मथळे म्हणून. मथळ्यांवरून अग्रलेख, अग्रलेखावरून शब्दकोडं. रात्रभर भरलेलं एवढंसं मूत्राशय घेऊन बोक्या पहिल्या पानापर्यंत दम धरायचा. शब्दकोड्यापर्यंत कुणाचा टिकणार? आणि पेपर नसला, की काकांना दुसरा उद्योग नसायचा. ते सरळ पट्टा घेऊन त्याला खाली न्यायचे.

मावशीने वही काकांपुढे ठेवली. काकांनी पानं उलटली आणि पहिला प्रश्न विचारला, ‘म्हणजे माझे पेपर तू घेतलेस?’ क्रेटचं राहिलं बाजूला; पेपर चोरण्यावरून आठवडाभर दोघांचं बोलणं बंद होतं. पण त्या घरात तेव्हापासून नियम आहे: आधी बोक्या, मग पेपर. आणि वहीतला शेवटचा शेरा मी स्वतः वाचला आहे. ‘बोक्या: समाधानकारक. हे: प्रगतीस वाव.’

गोष्ट लांबली. काचेपलीकडून मला घड्याळ दाखवताहेत. आणि घड्याळाचंच सांगायचं राहिलं आहे.

साधारण अंदाज असा धरा: पिल्लाचं वय जितके महिने, तितके तास, फार तर वर एखादा, इतका वेळ ते शू धरू शकतं. तीन महिन्यांचं पिल्लू, तीन-चार तास. हा ताणलेला आकडा आहे. जागं असताना, खेळताना त्याला याहून कितीतरी लवकर लागते. झोपेतून उठल्यावर न्या, खाल्ल्यावर न्या, खेळून झाल्यावर न्या, आणि रात्री झोपण्याआधी न्या. पुन्हा सांगतो: उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर, झोपण्याआधी. रात्री मध्येच कुणकुणलं तर दिवे न लावता, गप्पा न मारता, पट्टा लावून बाहेर, आणि शू झाली की शाबासकी देऊन परत आत. रात्री खेळ झाला की ते रोज रात्री खेळायला उठवणार. दिवसा पाणी तोडू नका. शू कमी व्हावी म्हणून पिल्लाला तहानलेलं ठेवणं हा उपाय नाही.

आता साफसफाई. ओली जागा आधी टिपून घ्या, मग एन्झाइम, म्हणजे वासाचं मूळच मोडणारा घटक, असलेला क्लीनर टाका आणि बाटलीवर लिहिलंय तेवढा वेळ राहू द्या. लगेच पुसलात तर उपयोग नाही. अमोनिया असलेलं काही वापरू नका. लघवीलाही तसाच वास असतो, म्हणजे ‘इथेच कर’ अशी पाटी लावल्यासारखं. शू पडलेल्या जागेवर ब्लीच ओतू नका, त्यातून त्रासदायक वायू निघतो. फिनेलचा उग्र वास आपल्याला स्वच्छ वाटतो, पण पिल्लू ती फरशी चाटतं आणि ते त्याला बाधू शकतं. आणि ते सुगंधी फवारे! ते घाण काढत नाहीत, घाणीवर मोगरा शिंपडतात. हल्ली लिफ्टमध्ये, गाडीत, कपड्यांच्या दुकानात, जिथे जावं तिथे हा मोगरा नाकात घुसतो. नुसत्या हवेला काय झालंय, मला कळत नाही. असो. आपल्याला वास आला नाही म्हणजे पिल्लाला येत नाही असं नाही, एवढं लक्षात ठेवा.

गादीबद्दल. जाड गादी शू शोषून घेते, वरून कोरडी वाटते, आणि पिल्लाला त्यावर करणं सोयीचं जातं. ते गादीवरच करत असेल तर काही दिवस गादी काढा आणि पातळ, रोज धुता येईल असा टॉवेल घाला. टॉवेल फाडून खात असेल तर तोही काढा. चिंध्या पोटात गेल्या तर आतडी अडकतात, आणि ते ऑपरेशनपर्यंत जातं. खाली तारांची जाळी असेल तर त्यावर सपाट मॅट हवीच. आत ठेवताना गळ्यातला पट्टा काढा, तो तारेत अडकू शकतो. क्रेट उन्हात नको. कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, त्यामुळे वरून चादर टाकलीत तरी एक बाजू मोकळी ठेवा.

पिल्लू स्वतः भरलं असेल तर भरलेलं अंग तेवढं कोमट पाण्याने धुऊन खडखडीत कोरडं करा. पोटाखालची कातडी ओली राहिली की लाल होते. मात्र रोज शाम्पूने अंघोळ नको. कातडी कोरडी पडते, खाज सुटते.

आणि काही पिल्लांना हे सगळं करूनही जमत नाही. जी आधी अरुंद पिंजऱ्यात कोंडून वाढली, जिथे घाणीतच झोपण्यावाचून इलाज नव्हता, त्यांची ती मूळची सवय मोडलेली असते. त्यांना वेळ जास्त लागतो. त्यांना क्रेटमध्ये कमी ठेवा आणि बाहेरच्या फेऱ्या वाढवा. फक्त एकटं सोडल्यावरच घाण होत असेल आणि सोबत लाळ गळणं, दारं ओरबाडणं, अखंड रडणं असेल, तर ती भीती आहे. तिथे फेऱ्या वाढवून भागणार नाही, क्रेटचं दारच काही दिवस उघडं ठेवावं लागेल आणि एकटं राहायची सवय मिनिटामिनिटाने लावावी लागेल. दर थोड्या वेळाने थेंब थेंब शू, कुंथणं, शूत रक्त, आधी कोरडं राहणारं पिल्लू अचानक ओलं राहायला लागणं, यांतलं काहीही दिसलं तर वाट बघू नका. त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जा. जुलाब आणि उलट्या एकत्र असतील तर संध्याकाळचीही वाट बघू नका. जाताना वेळा लिहिलेला कागद सोबत न्या. किती वेळा, किती, कधीपासून, हे डॉक्टर विचारतातच.

नमस्कार.