रिकाम्या बाटलीचे पंचवीस सेंट कुणाचे?

आयोजकांनी मला विषय दिला होता 'जर्मनीतली स्वच्छता'. मी म्हटलं, तो नको. परदेशातल्या स्वच्छतेचं कौतुक ऐकायचं, आपल्या महापालिकेला दोन शिव्या हासडायच्या आणि घरी जायचं, हे आपण पुष्कळ केलंय. त्यापेक्षा पैशांबद्दल बोलू. जर्मनीत पाण्याची, कोल्ड्रिंकची एकदाच वापरायची रिकामी बाटली किंवा कॅन परत दिला की 25 सेंट, म्हणजे पाव युरो, मिळतात. ते शेवटी कुणाच्या खिशात जातात, एवढंच आज बघायचंय.

मिळतात म्हणजे आपलेच परत मिळतात. विकत घेताना ते किमतीवर चढवलेले असतात. यात आपल्याला नवीन काही नाही. इथं बसलेल्या ज्येष्ठांनी कोल्ड्रिंकची बाटली घरी न्यायला दुकानदाराकडे डिपॉझिट ठेवलंय, नाहीतर तिथंच उभ्यानं पिऊन ती क्रेटमध्ये ठेवलीय. मुंबईत आरेच्या केंद्रावर दुधाची रिकामी बाटली द्यायची आणि भरलेली घ्यायची. तेव्हा पर्यावरणाचं नावही कुणी काढत नव्हतं. बाटली महाग होती, म्हणून ती परत यायची.

जर्मनीत सुपरमार्केटच्या कोपऱ्यात भिंतीला एक गोल भोक असतं. बाटली आडवी आत सारायची. आतला पट्टा तिला गरागरा फिरवतो, बारकोड आणि डिपॉझिटची खूण वाचतो, आणि मग मागं कडकड आवाज येतो. तो बाटली चिरडल्याचा. चेक वटल्यावर बँक त्यावर शिक्का मारते ना, तसाच हा प्रकार. न चिरडलेली बाटली पुन्हा कुणीतरी भोकात घालेल. म्हणून तिकडे घरी बाटली चुरगाळायची नाही, लेबल फाडायचं नाही. मशीनला वाचता आलं नाही तर ते बाटली परत तुमच्याच अंगावर ढकलतं. आणि आपल्या बाटल्यांवर काय छापलेलं असतं? वापरून झाल्यावर चुरगाळा! कारण आपल्याला धास्ती असते की कुणीतरी त्यात नळाचं पाणी भरून पुन्हा विकेल.

जर्मनीतलं हे सगळं एका दिवसात झालेलं नाही. 1991 मध्ये क्लाउस टोफर पर्यावरणमंत्री असताना नियम झाला, की पुन्हा भरता येणाऱ्या बाटल्यांचं प्रमाण 72 टक्क्यांच्या खाली गेलं तर एकदाच वापरायच्या बाटल्यांवर आणि कॅनवर डिपॉझिट लागेल. प्रमाण घसरलं. उद्योगांनी कोर्टकचेऱ्या केल्या. अखेर पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांच्या काळात, 1 जानेवारी 2003 ला, ते लागू झालं. पहिली काही वर्षं नुसता सावळागोंधळ. बड्या साखळी दुकानांनी आपापल्या वेगळ्या आकाराच्या बाटल्या काढल्या आणि फक्त त्याच परत घेऊ लागली. ती पळवाट 2006 मध्ये बुजवली.

आज तिकडे जवळपास सगळ्या बाटल्या परत येतात. पण पुन्हा भरायच्या बाटल्या टिकाव्यात म्हणून हा खटाटोप केला, ते साधलं का? नाही. पुन्हा भरायच्या बाटल्यांचं प्रमाण आज निम्म्याच्याही खाली आहे. पुन्हा भरायच्या बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंट आणि एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या बाटलीला 25, दोन्हींची, काउंटरवर वटवायची पावती एकाच मशीनमधून निघते. गिऱ्हाईकाला वाटतं, परत केली ना, मग झालं. ही बाजू आपल्याकडच्या कौतुकाच्या लेखांत सहसा येत नाही.

ती पावती किती वजनदार असू शकते ते सांगतो. 2008 मध्ये बर्लिनमधल्या एका कॅशियरला नोकरीवरून काढलं. आरोप असा, की गिऱ्हाईकानं विसरलेल्या बाटल्यांच्या दोन पावत्या तिनं स्वतःसाठी वटवल्या. एक 48 सेंटांची, दुसरी 82. नोकरी 31 वर्षांची! देशभर गदारोळ झाला, आणि 2010 मध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं तिला कामावर परत घ्यायला लावलं.

आता रस्त्यावर या. बर्लिनच्या बागेत लोक रिकामी बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी ठेवतात. का, तर वेचणाऱ्याला हात घालावा लागू नये. वेचणाऱ्यांत पेन्शनवर भागत नाही असे म्हातारे बरेच. त्यांचं उत्पन्न म्हणजे दुसऱ्यांनी सोडलेलं डिपॉझिट. आणि ज्या बाटल्या कुणीच परत करत नाही त्यांचे पैसे? ते पेय बाजारात आणणाऱ्या कंपन्यांकडेच राहतात. मला हे पटत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोकदार आहे. रिकामी बाटली वीसेक ग्रॅम भरते. भंगारात किलोला तीस रुपये धरले, तर एका बाटलीचे साठ पैसे. त्या साठ पैशांसाठी वाकणाऱ्या बाया या पुण्यात आहेत. 1993 पासून त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आहे, 2008 पासून 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आहे. आज त्यांना बाटली घेताना कुणी हटकत नाही, कारण साठ पैशांत कुणाला रस नाही. बाटलीवर दहा रुपये लावून बघा. वॉचमन, हॉटेलवाला, सोसायटीचे चेअरमन, सगळे बाटली जपून ठेवतील. बाईच्या पोत्यातला पैशाचा माल जाईल आणि उरेल ओला कचरा नि डायपर.

याचा अर्थ डिपॉझिट नको, असा नाही. तामिळनाडूत 2022 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानं निलगिरीत दारूच्या बाटलीवर दहा रुपये लावले. जंगलात फेकलेल्या काचा जनावरांच्या पायात घुसत होत्या. बाटल्या परत येऊ लागल्या. पण पुढं योजना पसरली तशी सरकारी दारूदुकानांतल्या कामगारांनी कुरकुर सुरू केली. बाटल्या घ्यायच्या, हिशेब ठेवायचा, ठेवायला जागा नाही, आणि हे जादा काम कुणाच्या पगारात? त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

न्यूयॉर्क राज्यात कॅनमागं 5 सेंट आहेत, 1983 पासून तेवढेच, त्याबाबतीत अनुकरण नको. पण जो बाटल्या परत घेतो त्याला हाताळणीचे नगामागं साडेतीन सेंट वेगळे मिळतात, आणि ते कंपनीकडून येतात. ब्रुकलिनमध्ये 'शुअर वुई कॅन' नावाचं केंद्र आहे, कॅन वेचणाऱ्यांसाठीच काढलेलं. तिथं पोतीच्या पोती आणा, मोजून घेतात.

गोव्यानं 2024 मध्ये डिपॉझिट परतीची योजना अधिसूचित केली आहे. उद्या महाराष्ट्रात तशी आली तर हरकती नोंदवायला मुदत मिळेल. तेव्हा मशीन किती नि मोबाइलवर पैसे किती सेकंदांत, हे विचारणारे खूप असतील. तुम्ही विचारा, की हाताळणीचा दर किती, तो कोण देणार, आणि दोनशे बाटल्यांचं पोतं घेऊन आलेल्या बाईला मॉलमधलं मशीन दाखवणार, की तिच्या वस्तीजवळ पोतं मोजून रोख पैसे देणारी खिडकी उघडणार.