आधी बाण, मग आकडे

(लातूर येथे बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)

लेकरांनो, लातूर पॅटर्नच्या गावात येऊन गणितं कशी सोडवायची हे सांगणं म्हणजे धाडसच. q या चार्जचं r अंतरावरचं फील्ड, म्हणजे विद्युत क्षेत्र, सांगणारं E = kq/r² हे सूत्र तुम्हाला झोपेतून उठवून विचारलं तरी येईल. k म्हणजे 9 × 10⁹, तेही येईल. तरीही पॉइंट चार्जची, म्हणजे बिंदूएवढ्या विद्युतभाराची, गणितं चुकतात, आणि बहुतेक वेळा चुकते ती दिशा.

कूलोम यांनी 1785 साली तारेला बसणाऱ्या पिळावरून दोन चार्जमधलं बल मोजलं. फील्डचा विचार रुजवला तो पुढच्या शतकात फॅरडे यांनी. एकच चार्ज ठेवला, शेजारी दुसरा कुणी नाही, तरी भोवतीच्या जागेत काहीतरी बदललेलं असतं. आपल्याकडे पाऊस पडो न पडो, शेताला उतार असतोच. पाणी आलं की ते कुठं वाहणार हे आधीच ठरलेलं असतं. फील्ड तसंच.

आता वहीत करा. डावीकडे +4 मायक्रोकूलोम, त्याच्या उजवीकडे 30 सेंटिमीटरवर −1 मायक्रोकूलोम. फील्ड शून्य कुठं? आकडेमोड थांबवा, आधी फील्डच्या दिशेचे बाण काढा. धन चार्जपासून बाण दूर जातो, ऋण चार्जकडे येतो. दोघांच्या मधे दोन्ही बाण उजवीकडेच. एकमेकांना खोडणार कसे? मधली जागा बाद. +4 च्या डावीकडे बाण विरुद्ध आहेत खरे, पण मोठा चार्जच जवळ, त्याच्यापुढे लहानाचा टिकाव लागत नाही. ती जागाही बाद. उरली −1 च्या उजवीकडची. अजून एक आकडासुद्धा लिहिलेला नाही बरं का!

−1 पासून x सेंटिमीटरवर: 4/(x + 30)² = 1/x². इथं सरळ वर्गमूळ घ्या: 2x = x + 30, म्हणजे x = 30. दोन्ही बाजूंना अंतरच आहे, त्यामुळे मीटर करत बसायची गरज नाही. पण काही जण वर्ग उलगडतात. मग x² − 20x − 300 = 0, उत्तरं 30 आणि −10. आता हे −10 काय? म्हणजे −1 च्या डावीकडे 10 सेंटिमीटर, दोघांच्या मधे. पेपर काढणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं. 10 हा पर्याय तो हमखास ठेवतो. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत तिथं 4 गुण तर जातातच, वर 1 वजा.

त्या जागी फील्ड खरंच किती आहे? +4 पासून 20 सेंटिमीटर, −1 पासून 10. दोघांचं मूल्य सारखंच निघतं, 9 × 10⁵ न्यूटन प्रति कूलोम. समीकरणाला तेवढंच कळलं: मूल्यं सारखी. दिशा आपण त्याला सांगितलीच नव्हती. बाण एकाच दिशेचे, म्हणून तिथं 18 × 10⁵. कोरडी हवा साधारण 30 × 10⁵ ला ठिणगी सोडते, हे जाता जाता. उत्तर त्याच्या फार वर गेलं, तर मायक्रोचं 10⁻⁶ लावायचं राहिलं का, हे एकदा बघा.

आता −1 च्या जागी +1 ठेवा. समीकरण तेच, उत्तरं तीच. पण आता 10 खरं आणि 30 खोटं! म्हणून चिन्ह सूत्रात कोंबू नका. चिन्हावरून बाण काढा, सूत्रात नुसतं मूल्य टाका.

शेवटचं एक, तोंडी. चौरसाच्या चार कोपऱ्यांवर सारखे धन चार्ज, मध्यभागी शून्य. एक काढून घेतला. उरलेल्या तिघांची बेरीज करत बसू नका. समोरासमोरचे दोघे एकमेकांना खोडतात, उरतो एकटा, रिकाम्या कोपऱ्यासमोरचा. बाण कुठं? रिकाम्या कोपऱ्याकडे. मूल्य kq/r², r म्हणजे अर्धा कर्ण. झालं! आता पाच चार्ज नियमित पंचकोनावर ठेवा आणि त्यातला एक काढा. इथं समोरासमोर जोडी लागत नाही. तरी उत्तर एका ओळीतच येतं. करा, मी थांबतो.