नऊ विजय, मग शून्य

मंडळी, स्टॉक कारवर बोलतो म्हटल्यावर संयोजकांना आधी वाटलं, मी शेअर बाजारावर बोलणार. पत्रिकेत तसं छापता छापता राहिलं. तेव्हा आधी तेवढं मिटवून टाकू. स्टॉक म्हणजे दुकानात विकायला ठेवलेला माल. अमेरिकेत नॅसकार ही संस्था १९४८ साली उभी राहिली आणि १९४९ मध्ये तिने स्टॉक कारचा पहिला हंगाम भरवला, तेव्हा नियम सरळ होता : शोरूममधून घेतलेली गाडी, तशीच शर्यतीत. आज त्या गाडीत शोरूमचं काही उरलेलं नाही. पुढचे दिवे म्हणजे स्टिकर असतात. दारं उघडत नाहीत, ड्रायव्हर खिडकीतून आत शिरतो. नाव मात्र तेच राहिलं.

आता मुद्द्यावर येतो. केव्हिन हार्विक नावाचा ड्रायव्हर. २०२० साली वय ४४. त्या हंगामात ३६ शर्यती झाल्या, त्यातल्या ९ त्याने जिंकल्या. दुसरं कुणीच तिथवर पोचलं नाही. पुढच्या वर्षी पुन्हा ३६ शर्यती, तोच ड्रायव्हर, तीच टीम, तोच क्रू चीफ, म्हणजे गाडी कशी लावायची ते ठरवणारा टीमचा प्रमुख. विजय किती? शून्य.

(मागून कुणीतरी : "वय झालं!")

वय झालं म्हणता? बरं. मग त्याच टीमच्या बाकीच्या गाड्या बघा. टीमच्या गाड्या चार. २०२० मध्ये चारही गाड्यांचे मिळून १० विजय, २०२१ मध्ये चारही गाड्यांचा मिळून १. एका हिवाळ्यात सगळी टीमच म्हातारी झाली असं तर कुणी म्हणणार नाही. त्याच काळात हेंड्रिक ही दुसरी टीम ७ विजयांवरून १७ वर गेली. म्हणजे पाणी एका आडातून दुसऱ्या आडात गेलं होतं आणि आपण मात्र पोहरा धरलेल्या माणसाच्या हाताकडे बघत होतो.

तीस वर्षं मी चाकणच्या बाजूला सस्पेन्शनचे भाग बनवण्यात घालवली. स्प्रिंग, बुश, आर्म, हीच माझी दुनिया. मधली काही वर्षं कामानिमित्त अमेरिकेत शार्लटला होतो. नॅसकारच्या बहुतेक टीमच्या वर्कशॉप त्या शहराच्या आसपास आहेत. तिथे राहून या खेळाकडे न बघणं म्हणजे पंढरपुरात राहून वारी न बघण्यासारखं. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर मार्टिन्सव्हिलच्या शर्यतीला गेलो. हे गाव व्हर्जिनियात, शार्लटहून गाडीने दोन-अडीच तासांवर. ट्रॅक इवलासा, एक फेरी जेमतेम ८५० मीटरची. अशा ५०० फेऱ्या. सरळ पट्ट्यावर डांबर, वळणांवर काँक्रीट. जिंकणाऱ्याला करंडकाऐवजी माणसाच्या उंचीचं लंबकाचं घड्याळ देतात. तिथले गुलाबी रंगाचे हॉट डॉगही प्रसिद्ध आहेत. मी शाकाहारी, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

सहकाऱ्याने मला एक स्कॅनर भाड्याने घेऊन दिला. ट्रान्झिस्टरएवढा डबा, कानावर जाड हेडफोन. गाडीचा नंबर लावायचा, की त्या ड्रायव्हरचं आणि त्याच्या क्रू चीफचं बोलणं थेट कानात. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला काय सांगतोय ते आपल्याला ऐकू आलं तर कसं वाटेल, तसं. मी मुद्दामच पंचविसाव्या नंबरच्या आसपास रेंगाळणारा एक ड्रायव्हर निवडला. पुढच्यांचं टीव्हीवर कळतंच.

तीन-साडेतीन तास मी त्या माणसाची कुरकुर ऐकली. दोनच शब्द. लूज आणि टाइट. लूज म्हणजे वळणात गाडीचा मागचा भाग सुटतो. टाइट म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी नाक वळत नाही, गाडी सरळ भिंतीकडे निघते. तो म्हणाला, लूज आहे. गाडी पिटमध्ये, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी थांबायच्या जागी, आली. पाच माणसं भिंतीवरून उडी मारून आली, चार टायर बदलले, आणि त्यातल्या एकाने मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून थोडासा फिरवला. बस, तेवढंच. मागच्या एका स्प्रिंगवरचा दाब बदलला. दहा फेऱ्या बरं चाललं. मग रेडिओवर : आता टाइट. क्रू चीफ म्हणाला, पुढच्या थांब्यात मागे फिरवू. पुढचा थांबा आला तोवर पुढच्या गाड्यांनी त्याला एक अख्खी फेरी मागे टाकलं होतं.

तो ड्रायव्हर वाईट होता का? माझ्या धंद्याच्या हिशेबाने सांगतो, तो फार बारकाईने सांगत होता, गाडी वळणात शिरताना कशी आणि बाहेर पडताना कशी. त्याच्या सांगण्याचं गाडीत रूपांतर होत नव्हतं, एवढंच. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नाव कुणाचं? त्याचंच. गाडीच्या छताच्या कडेला नाव एकट्याचं लिहिलेलं असतं. आपल्याकडे बैलगाडा शर्यतीत कौतुक आधी बैलांचं होतं, मग मालकाचं. तिकडे उलटं आहे.

याच मार्टिन्सव्हिलला २०१० साली आपला नारायण कार्तिकेयन ट्रकच्या शर्यतीत उतरला होता. हो, ट्रक, म्हणजे पिकअप. पहिल्याच शर्यतीत तेरावा आला, आणि त्या वर्षीचा ट्रक मालिकेतला सर्वांत लोकप्रिय ड्रायव्हर म्हणून चाहत्यांनी त्यालाच निवडलं. पुढच्या वर्षी तो फॉर्म्युला वनकडे परतला. थांबला असता तर काय झालं असतं, यावर आम्ही शार्लटचे देशी लोक पुष्कळ चर्चा करायचो.

असो. त्या दिवशी मार्टिन्सव्हिलला जिंकला मार्टिन ट्रूएक्स ज्युनिअर. ५०० पैकी ४६४ फेऱ्या तो आघाडीवर होता. त्याच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझं म्हणणं याच्याइतकं दुसऱ्या कुणात दिसत नाही.

पहिला मोठा विजय २००७ साली, डोव्हरला. दुसरा २०१३ साली, सोनोमाला. मधे २१८ शर्यती! सहा वर्षं माणूस दर आठवड्याला गाडीत बसतोय आणि हात हलवत परत येतोय. दुसऱ्या विजयानंतर तीनच महिन्यांनी रिचमंडला आणखी एक भानगड झाली. बाद फेरीत कोण जाणार हे त्या शर्यतीत ठरायचं होतं. सात फेऱ्या उरल्या असताना त्याच्याच टीमचा दुसरा ड्रायव्हर गरकन फिरला आणि पिवळा झेंडा लागला, म्हणजे सगळ्यांनी हळू व्हायचं आणि मग पुन्हा एकत्र सुटायचं. तिसऱ्या साथीदारालाही शेवटी पिटमध्ये बोलावून घेतलं. चौकशीअंती संस्थेने ठरवलं की टीमने निकाल वाकवला. टीमला ३ लाख डॉलर दंड झाला, गुण कापले गेले आणि ट्रूएक्सची बाद फेरीतली जागा गेली. तो फिरला नव्हता, पिटमध्ये शिरलाही नव्हता. पण जागा गेली ती त्याची. मग मुख्य प्रायोजक गेला. प्रायोजक गेला म्हणजे गाडी गेली.

मग तो गेला फर्निचर रो नावाच्या टीमकडे. नावाप्रमाणेच फर्निचरच्या धंद्यातून उभी राहिलेली टीम, एकच गाडी, आणि वर्कशॉप कुठे? डेन्व्हरला. सगळा खेळ शार्लटच्या आसपास आणि हे अडीच हजार किलोमीटर दूर, डोंगरात. २०१४ चा पहिला हंगाम असा गेला की वर्षभरात तो फक्त एक फेरी आघाडीवर होता. एक. गुणतक्त्यात चोविसावा.

२०१५ मध्ये गाडीचा क्रू चीफ बदलला, कोल पर्न आला. त्या वर्षी ट्रूएक्स विजेतेपदाच्या शेवटच्या चौघांत होता. २०१६ मध्ये टीम शेव्हरोले सोडून टोयोटाकडे गेली आणि जो गिब्सच्या मोठ्या टीमशी तंत्रज्ञानाची भागीदारी झाली. त्या वर्षी शार्लटची ६०० मैलांची शर्यत झाली, तिच्या ४०० फेऱ्यांपैकी ३९२ फेऱ्या हा माणूस आघाडीवर. २०१७ मध्ये ८ विजय आणि विजेतेपद. वय ३७. २०१४ चा चोविसावा आणि २०१७ चा पहिला, हे हात तेच, डोळे तेच. मधे बदलली ती इंजिनं, चॅसी, आणि त्याच्या "लूज आहे"चा नेमका अर्थ लावणारा माणूस.

बरं, विजेतेपद मिळालं म्हणजे घडी बसली? पुढच्याच वर्षी मोठा प्रायोजक निघाला आणि २०१८ अखेर टीम बंद झाली. गतविजेती टीम, कुलूप. ट्रूएक्स आणि पर्न दोघं गिब्सकडे गेले. तिथे २०१९ मध्ये ७ विजय, पुन्हा शेवटच्या शर्यतीत विजेतेपदाची संधी. आणि त्या शर्यतीत पिटमध्ये पुढचे टायर उलटे लागले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे. अशा गोल ट्रॅकवर गाड्या सारख्या डावीकडेच वळतात, म्हणून डाव्या आणि उजव्या टायरचा घेर वेगळा असतो. पुन्हा पिटमध्ये यावं लागलं. दुसरा आला. मी हे टीव्हीवर बघत होतो आणि मला आमची असेंब्ली लाइन आठवली. डावा-उजवा आर्म बदलू नये म्हणून आम्ही रंगाचे ठिपके द्यायचो. तरी वर्षातून एकदा बदलायचाच.

त्यानंतर पर्नने काम सोडलं, घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून. ट्रूएक्सचे पुढचे विजय मोजा : २०२० मध्ये १, २०२१ मध्ये ४, २०२२ मध्ये ०, २०२३ मध्ये ३. याला उतरती कळा म्हणायचं की चढती, तुम्हीच सांगा.

२०२२ च्या शून्याचं एक कारण मला माझ्या धंद्यातलं दिसतं. त्या वर्षी नवी गाडी आली. आधी टीम आपापल्या वर्कशॉपमध्ये पुष्कळ भाग स्वतः घडवायच्या. आता बहुतेक भाग ठरावीक पुरवठादाराकडूनच घ्यायचे, सगळ्यांना तेच. ज्यांची अक्कल भाग घडवण्यात होती, त्यांची पुंजी एका रात्रीत आटली. त्या हंगामात १९ वेगवेगळे ड्रायव्हर जिंकले. मोठ्यांचा वाटा वाटून गेला, आणि वाटून गेला की कुणाच्या तरी ताटात शून्य येणारच. त्या वर्षी शेवटच्या फेरीत रॉस चॅस्टेनने मार्टिन्सव्हिलला गाडी सरळ बाहेरच्या भिंतीला लावली, ॲक्सिलरेटर दाबून ठेवला आणि घासत घासत पाच गाड्या मागे टाकल्या. कलिंगडं पिकवणाऱ्या घरातला मुलगा. ही युक्ती लहानपणी व्हिडिओ गेममध्ये केली होती म्हणाला. त्याच्या जोरावर तो शेवटच्या चौघांत गेला. पुढच्या हंगामापासून त्यावर बंदी.

यावरून गुणांच्या भानगडीकडे येतो. कारण वर कोण आणि खाली कोण, हे ठरवणारी फूटपट्टीच हे लोक दर काही वर्षांनी बदलतात. २००३ मध्ये रायन न्यूमनने ८ शर्यती जिंकल्या आणि तो सहावा आला. विजेता मॅट केनसेथ, विजय एक. दर आठवड्याला नेमाने वरच्या दहांत येणं, हेच त्याचं भांडवल. आपल्या चाकरमान्यांना हा माणूस आवडायला हवा. पण लोक ओरडले, आणि २००४ पासून शेवटच्या दहा शर्यतींचा वेगळा हिशेब सुरू झाला. २०१४ पासून तर अखेरीस चौघंच उरतात आणि एकाच शर्यतीत त्या चौघांत जो पुढे तो विजेता, असं ठरलं. ९ शर्यती जिंकणारा हार्विक त्या चौघांत पोचलाच नव्हता. आणि २०२४ चा जोई लोगॅनो? सरासरी सतरावा नंबर. मधल्या टप्प्यात बाद झाला होता. दुसऱ्या एका ड्रायव्हरची गाडी वजनात कमी भरली, तो अपात्र ठरला, म्हणून हा परत आत आला. मग पुढची शर्यत जिंकली, शेवटचीही जिंकली आणि विजेतेपद घेऊन गेला. हा नियम २०२६ पासून बदललाय. तो नियम शेवटचा वापरला गेला, त्या रात्री मी जागा होतो.

नोव्हेंबर २०२५, फिनिक्स. आपल्याकडे रात्रीचा दीड. शेवटच्या चौघांतला डेनी हॅमलिन, वय ४४, कारकिर्दीत ६० विजय, विजेतेपद एकही नाही. त्या वर्षी सहा शर्यती जिंकलेल्या. दिवसभरात २०८ फेऱ्या तो आघाडीवर. तीन फेऱ्या उरल्या, हा पुढे, आणि विल्यम बायरनचा टायर गेला. पिवळा झेंडा. सगळे पिटमध्ये. हॅमलिनच्या क्रू चीफने चार टायर बदलले. चौघांतल्याच काइल लार्सनच्या क्रू चीफने दोनच. दोन टायरना वेळ कमी लागतो, त्यामुळे लार्सन पुढून सुटला. लार्सन मे महिन्यानंतर एकही शर्यत जिंकला नव्हता आणि त्या दिवशी एक फेरीही आघाडीवर नव्हता. उरल्या दोन फेऱ्या. त्यात चार नव्या टायरचा उपयोग व्हायला रस्ताच पुरला नाही.

पाचच्या सुमाराला बायको उठून आली. म्हणाली, "अहो, झोपलाच नाहीत? कोण जिंकलं मग?"

मी म्हटलं, शर्यत चौघांबाहेरचा ब्लेनी जिंकला, विजेतेपद लार्सनला.

"आणि तुम्ही ज्याच्यासाठी जागलात, तो?"

म्हटलं, सहावा.