साखर जाते, पाचट राहतं

श्रोतेहो, नमस्कार.

पन्नास किलो साखरेचं एक पोतं कारखान्याच्या गोदामातून बाहेर पडलं. त्याच्याबरोबर आपल्या रानातली नत्र, स्फुरद, पालाश ही पिकाची अन्नद्रव्यं किती गेली? जवळजवळ काहीच नाही. शुद्ध साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं. कार्बन आणि ऑक्सिजन पानांनी हवेतून घेतला, हायड्रोजन पाण्यातून आला, आणि या तिघांना एकत्र बांधलं ते उन्हानं. म्हणजे साखरेच्या रूपानं आपण ऊनच विकतो. मग वाळवा, पलूस, कराडची काळी जमीन वर्षागणिक जास्त खत का मागते? तिच्यातलं नत्र-पालाश जातं कुठं?

याचं उत्तर शोधायला आज मी तुम्हाला उसाच्या फडातून जरा लांब नेणार आहे. निसर्गात सगळीकडे दोन हिशोब चालतात. एक ऊर्जेचा, दुसरा अन्नद्रव्यांचा. दोघांच्या रीती पूर्ण वेगळ्या आहेत.

ऊर्जेचा हिशोब आधी. पिकावर जे ऊन पडतं त्यातला शेकडा एखाद-दुसरा हिस्साच पिकाच्या अंगी लागतो. ऊस, मका, ज्वारी यांची पानं या कामात तरबेज, तरीही आकडा फार वर जात नाही. बाकीचं ऊन परत फिरतं, नाहीतर उष्णता होऊन जातं. मग ते पान जनावरानं खाल्लं की पुन्हा गळती. चालणं, श्वास घेणं, अंग गरम ठेवणं यातच बहुतेक ऊर्जा खर्ची पडते. रेमंड लिंडमन नावाच्या तरुण अमेरिकन शास्त्रज्ञानं मिनेसोटातल्या एका लहानशा तळ्याचा असा हिशोब मांडला, शेवाळापासून माशापर्यंत. 1942 साली त्याचा निबंध छापून आला, पण तो बघायला लिंडमन राहिला नव्हता. अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. त्याच्या मांडणीतून पुढं आलेला ढोबळ नियम असा, की एका पायरीवरून वरच्या पायरीवर ऊर्जेचा साधारण दहावा हिस्साच पोचतो.

चांदोली आणि कोयना मिळून 2010 साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथं वाघ किती, असं लोक मला विचारतात. मी म्हणतो, आधी सांबर किती, भेकर किती, ते विचारा. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकात वर्षानुवर्षं अभ्यास करून सांगितलं, की एका वाघाला वर्षाकाठी पन्नासेक जनावरं लागतात, आणि ती मारूनही कळप टिकायचा तर त्याच्या इलाख्यात पाचशेच्या घरात जनावरं हवीत. त्या पाचशेंच्या खाली किती गवत, किती पाला, याचा अंदाज तुम्हीच करा. वाघ राखायचा तर गवत राखावं लागतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण फोटो वाघाचा काढतो आणि गवताला वणवा लावतो.

ऊर्जा अशी एकाच दिशेनं जाते आणि शेवटी उष्णता होऊन विरते. रोज नवं ऊन यावंच लागतं. अन्नद्रव्यांचं तसं नाही. गावकीची भांडी असतात ना, तसं आहे ते. लग्नात जेवण संपून जातं, भांडी मात्र घासून दुसऱ्या घरी जातात. नत्र, स्फुरद, पालाश, चुना ही ती भांडी. तीच पानात, तीच गव्याच्या हाडात, तीच शेणात, तीच परत मातीत.

ही भांडी ठेवलेली कुठं असतात, हे मात्र प्रदेशागणिक बदलतं, आणि जगातल्या जंगलांचे, गवताळ माळांचे, वाळवंटांचे वेगवेगळे स्वभाव बऱ्याच अंशी त्यातून घडतात. आपलं भाग्य असं, की ते बघायला साताऱ्याबाहेर जायला नको. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तिथून शंभरेक किलोमीटरवर दहिवडी-म्हसवडला पाचशे पडला तरी लोक आनंदात.

कोयनेच्या बाजूला एवढा पाऊस माती धुऊन काढतो, चुना-पालाश वाहून नेतो, लोह मागं राहतं आणि जमीन तांबडी होते. तरी वर दाट रान कसं? कारण तिथला साठा मातीत थोडा आणि जिवंत झाडांत जास्त. पान पडलं की बुरशी आणि किडे थोड्या महिन्यांत त्याचा फडशा पाडतात, मुळं वरच्या वर ते टिपून घेतात. पाटण-जावळीच्या डोंगरात पूर्वी कुमरी करायचे. झाडं तोडून जाळायची, राखेवर नाचणी, वरी घ्यायची. दोन-तीन वर्षं पीक चांगलं, मग जमीन हात वर करायची. साठा झाडात होता, झाड गेलं की संपला. ॲमेझॉनच्या जंगलाचं हेच दुखणं आहे. तिथं तर स्फुरदाची भर आफ्रिकेतून पडते. सहाराच्या वाळवंटातली धूळ वाऱ्यानं अटलांटिक महासागर ओलांडून येते आणि तिच्याबरोबर वर्षाला अंदाजे 22 हजार टन स्फुरद ॲमेझॉनच्या खोऱ्यात उतरतं. नासाच्या उपग्रहांच्या नोंदींवरून 2015 साली हा अंदाज मांडला गेला. एक ओसाड वाळवंट एका घनदाट जंगलाला खत घालतंय, हे वाचलं तेव्हा मी कितीतरी वेळ नकाशा समोर घेऊन बसलो होतो.

कासचं पठार तुम्ही बघितलंच असेल. फुलांचे फोटो काढून झाले की एकदा जमिनीलगत वाका. जांभ्या दगडावर बोटभर माती, ऊन भरपूर, पाणी भरपूर, पण नत्र नाही. तिथं दवबिंदू नावाची बारीक वनस्पती असते. पानावर तांबूस केस, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मुरकूट थेंबावर बसतं आणि अडकतं. मग शेजारचे केस हळूहळू त्याच्यावर वाकतात आणि पाचक रस सोडतात. काही दिवसांनी नुसतं टरफल उरतं. पोटापुरती साखर ती उन्हातून स्वतःच करते. किडा लागतो तो नत्रासाठी. शेजारची जांभळी सीतेची आसवं बघा, ती हेच काम जमिनीखाली बारीक पिशव्यांनी करते.

आता माणच्या माळावर या. पवन्या, कुसळी, मारवेल. वर्षातले आठ महिने जमीन कोरडी, त्यामुळे बुरशी आणि जिवाणू थंडावतात, पाचोळा कुजतच नाही. मग गवतातली द्रव्यं मोकळी करणार कोण? वाळवी आणि चरणारं जनावर. बाहेर कितीही कोरडं असलं तरी मेंढीच्या पोटात बारा महिने ओल आणि ऊब असते, तिथं जिवाणूंचं काम थांबत नाही. आफ्रिकेच्या सेरेंगेटीत लाखो विल्डबीस्ट हेच करत फिरतात. आपल्याकडे माण, आटपाडी, जतचे धनगर कळप घेऊन खोऱ्यात उतरतात आणि शेतकरी त्यांना रानात मेंढ्या बसवायला बोलावतो. माळावर खाल्लेलं नत्र रातोरात लेंड्या आणि मुतातून काळ्या रानात पोचतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा माळांना सरकारी भाषेत पडीक म्हणतात. ते पडीक नाहीत. तो गवताचा प्रदेश आहे, लांडगा, खोकड आणि मेंढपाळ तिघांचा.

उत्तरेच्या गोठलेल्या टुंड्रात तर कुजण्याचं काम जवळपास बंदच. तिथल्या कायम गोठलेल्या जमिनीत सगळ्या वातावरणातल्या कार्बनच्या जवळजवळ दुप्पट कार्बन हजारो वर्षं पडून आहे.

म्हणजे कुजणं हे सगळ्याचं मर्म. आता उसाकडे येऊ. उसाबरोबर कारखान्यात गेलेली द्रव्यं प्रेसमडमध्ये, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळात, मळीत आणि बॉयलरच्या राखेत उरतात. प्रेसमडचं खत मिळत असेल तर जरूर आणा. पण मोठी गोष्ट आपल्याच फडात पडलेली असते, ती म्हणजे पाचट, उसाची वाळलेली पानं. एकरी तीन ते चार टन. त्यात साधारण 15 ते 20 किलो नत्र, 25 ते 30 किलो पालाश आणि टनाहून जास्त सेंद्रिय कर्ब, म्हणजे कार्बन. काडी लावली की कर्ब आणि बहुतेक नत्र अर्ध्या तासात आभाळात. राखेत पालाश राहतं, तेही वारा-पाण्यानं बरंच जातं. तोडणी सोपी जावी म्हणून फड पेटवतात, मजुरांची अडचण खरी आहे, मला ती कळते. पण तोडणी झाल्यावर खोडव्यातलं, म्हणजे बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसातलं, पाचट पेटवायला काहीही कारण नाही.

पाचट सरीत दाबा, बुडखे जमिनीलगत छाटा, आणि एकरी 30 किलोच्या आसपास युरिया, 40 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाका. युरिया कशाला? पाचटात कार्बन नत्राच्या ऐंशी पट. कुजवणाऱ्या जिवाणूंना एवढं नत्र पाचटातून पुरत नाही, मग ते मातीतलं उचलतात आणि खोडवा पिवळा पडतो. शेतकरी म्हणतो, पाचटानं नुकसान केलं. त्याला फक्त सुरुवातीची ती शिदोरी मिळाली नव्हती.

जूनमध्ये असं एक पाचट हातानं उचलून बघा. वर पिवळं, कोरडं. त्याखाली तपकिरी, चुरगळणारं. त्याच्याही खाली पांढऱ्या बुरशीच्या तारा, गांडुळांच्या विष्ठेच्या गोळ्या, आणि उसाची कोवळी मुळं मातीतून वर चढून त्या थरात शिरलेली.

उरलेल्या द्रव्यांची तिसरी वाट पाण्याची. पाट रात्रभर सोडलेला, युरिया वर फोकलेला, मग नायट्रेट ओढ्यातून येरळेत, येरळेतून कृष्णेत. त्यात गावोगावचं सांडपाणी. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं पाणी तुंबलं की शेवाळ आणि जलपर्णी माजते, कारण ऊनही आहे आणि खतही. ती मरून कुजते तेव्हा कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात आणि मासे वर येऊन तोंड वासतात. मिसिसिपी नदीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या आखातात, शेतातल्या खतामुळं दर उन्हाळ्यात हजारो चौरस किलोमीटर समुद्र असाच गुदमरतो.

खत हप्त्यानं द्या, मातीआड करा, जमेल तिथं ठिबक करा. आणि ज्यांचं रान ओढ्याला लागून आहे त्यांनी बांधाच्या खालच्या अंगाला दहा-बारा फूट मारवेल गवताची पट्टी सोडावी. वाहून निघालेलं बरंचसं नत्र ती मुळांनी धरते. ते गवत कापून म्हशीला घाला, शेण उकिरड्यावर टाका आणि पुढच्या लागणीला तेच खत सरीत भरा.