नथ कुठे आहे, हे कुणाला ठाऊक?

(जळगावात नव्या पटकथालेखकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

सकाळपासून तुमच्या गोष्टी ऐकतो आहे. त्यात चोऱ्या भरपूर आहेत, विनोदही भरपूर आहेत, पण दोघांची भेट होत नाही. आधी चोरी सुरू होते, मग ती थांबते, एक विनोदी माणूस येऊन पाच मिनिटं हसवून जातो आणि चोरी पुन्हा सुरू होते. क्राइम कॉमेडीत असं चालत नाही. तिथे हसू गुन्ह्याच्याच पोटातून निघावं लागतं. ते निघतं कसं, तर कोणाला काय ठाऊक आहे आणि कोण कोणापासून काय लपवतो आहे, याची वाटणी चोख झाली की. माझ्या मते या प्रकारात पात्रांच्या भूमिकासुद्धा त्या वाटणीवरूनच ठरतात. नायक, खलनायक, विनोदी नट ही खाती आधी पुसून टाका.

नुसतं बोलून कळायचं नाही, म्हणून आपण इथलीच एक गोष्ट रचू.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे खानदेशात कानबाई ही देवी बसते. भाऊबंद एका घरी जमतात, सुरतेला गेलेलेही येतात. नैवेद्याच्या रोटांचं दळण होतं, नारळाला नथ-दागिने घालून कानबाई सजते, रात्रभर गाणी होतात आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर विसर्जन. लेखकाला आयतंच किती मिळालं बघा. सगळी माणसं एका छपराखाली, आणि वेळही बांधलेली. सोमवारी सकाळी कानबाई निघणार म्हणजे निघणारच. गुन्ह्याच्या गोष्टीला अशी घट्ट मुदत फार लागते. मुदत नसली की पात्रं निवांत होतात आणि निवांत चोरावर कोणी हसत नाही.

गिरणा नदीच्या काठचं एक गाव. भिका आणि संजू हे दोघे भाऊ. घराण्याची सोन्याची नथ वर्षभर घरातल्या थोरल्या बाईच्या, मोठ्या मायच्या पेटीत असते, कानबाईपुरती बाहेर निघते. गेल्या हंगामात पावसानं कापूस काळा पडला होता. भिकाला पोरीची कॉलेजची फी भरायची आहे. संजूला पुण्यातली नोकरी लावून देणाऱ्या एकाला पैसे चारायचे आहेत. दोघांनी पेटीतली नथ काढली, तिच्या जागी बाजारातली खोटी ठेवली आणि काढलेली नथ वाळूच्या ट्रॅक्टरवाल्या एका दांडगटाकडे गहाण टाकली. हा माणूस सराफ नाही, म्हणून त्यानं कस लावला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रविवारी सुरतेची आत्या येते. तिला सोन्याची पारख आहे. कानबाईपुढे बसल्या बसल्या ती म्हणते, "नथ उजेडमा आन बरं."

इथे थांबा. नथ खोटी आहे हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असेल, तर या चार शब्दांना थिएटर हलेल. ठाऊक नसेल, तर ही एका म्हातारीची साधी विनंती आहे. विनोद वाक्यात नाहीच, तो प्रेक्षकाच्या माहितीत आहे. तुमच्यातले बरेच जण ही माहिती शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवतात. धक्का एकदाच बसतो. आधी सांगून टाकलंत, तर आत्याचा चष्मा, हलणारा दिवा, गाण्याला आलेली शेजारीण, प्रत्येक गोष्ट भावांचा जीव टांगणीला लावते आणि आपण रात्रभर हसतो.

आता दुसरा पेच. त्याच संध्याकाळी ट्रॅक्टरवाला ती नथ घेऊन जळगावच्या सराफ बाजारात जातो. सराफ कस लावतो आणि म्हणतो, ही खोटी आहे. म्हणजे पेटीत होती तीच खोटी होती! खरी नथ मोठ्या मायनं विहीर खोदली त्या वर्षी गुपचूप विकली होती आणि तेव्हापासून ती दर कानबाईला धास्तावून बसते. आता आपल्याला भावांपेक्षा जास्त ठाऊक आहे. पुन्हा त्या प्रसंगाकडे चला. आत्या नथीकडे हात नेते. भिका उठणार, तेवढ्यात मोठी मायच आडवी येते आणि ठणकावून सांगते, "रातले देवीना दागिनाले हात लावतस नही." असा नियम घरात कोणी कधी ऐकलेला नाही. तिनं तो त्या क्षणी बनवला. भावांना वाटतं, केवढी ही तिची भक्ती, तिनंच आपल्याला वाचवलं. भिकाच्या डोळ्यांत पाणी येतं. एका नथीची तिघं राखण करताहेत, भावांचं कारण वेगळं, मायचं वेगळं, आणि दुसराही राखणच करतो आहे हे भावांना किंवा मायला ठाऊक नाही. या प्रसंगात एकही विनोदी वाक्य नाही. भिकाचं काम करणाऱ्या नटानं खरंच रडायचं आहे. तो जेवढा मनापासून रडेल तेवढं हसू मोठं.

म्हणून पात्रांबद्दल माझा पहिला आग्रह असा, की गोष्टीतल्या कोणालाही आपण विनोदी आहोत याचा पत्ता नसावा. प्रत्येकाची गरज खरी पाहिजे. प्रियदर्शनचा २००० सालचा 'हेरा फेरी' आठवा. तो 'रामजी राव स्पीकिंग' या १९८९ च्या मल्याळम सिनेमावरून घेतलेला आहे. अपहरण करणाऱ्याचा फोन चुकून बाबूरावच्या घरी येतो, कारण डिरेक्टरीत नंबरांची अदलाबदल झालेली आहे. पण तो फोन येतो सिनेमा बराच पुढे गेल्यावर. तोपर्यंत आपण काय बघत असतो? घरभाडं, उधारी, श्यामची हुकलेली नोकरी, राजूनं आईला सांगितलेलं खोटं. फोन वाजतो तेव्हा या तिघांना पैसा का हवा आहे, हे आपल्याला त्यांच्याइतकंच ठाऊक असतं. म्हणून अपहरणकर्त्याच्या मागणीच्या दुप्पट पैसे मागून वरचे आपण ठेवायचे, ही राजूची कल्पना आपल्याला बदमाशी वाटत नाही. आपणही मनात हिशेब करू लागतो. गुन्ह्यापूर्वीचा तो गरिबीचा भाग उगाच लांबवला आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी तो काढून बाकीचा सिनेमा मनात चालवून बघावा.

टोळीत माणसं एकमेकांपासून वेगळी हवीत हे तुम्ही जाणताच. एक डाव रचणारा, एक घाईचा, एक केव्हाही फुटेल असा. त्यावर जास्त वेळ घालवत नाही. फक्त एक बघा, दोघांच्या गरजा एका जातीच्या नकोत. भिकाची निकड आहे, संजूची हाव आहे. त्यामुळे संकट आलं की भिका कबूल करायला धावणार आणि संजू त्याचं तोंड दाबणार. भांडण तुम्हाला लिहावं लागणार नाही, ते आपोआप पेटेल.

ज्या भूमिकेकडे आपल्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ती म्हणजे काहीच ठाऊक नसलेला माणूस. १९५५ चा 'द लेडीकिलर्स' हा इंग्रजी सिनेमा मिळवून बघा. पाच दरोडेखोर एका म्हातारीच्या घरात खोली घेतात आणि आपण वाद्यवृंदातले कलाकार आहोत असं सांगतात. वर ग्रामोफोनवर तबकडी वाजते, खाली म्हातारीला वाटतं काय सुरेख वाजवतात! ती भली आहे, आणि तिचा भलेपणाच त्यांना पुरून उरतो. चहा घेऊन ती पुन्हा पुन्हा दार ठोठावते आणि त्यांचा कट पुन्हा पुन्हा मोडतो. रचना म्हणाल, तर सिनेमाच्या सुरुवातीलाच ती पोलीस ठाण्यात जाऊन कसलीतरी भलतीच हकीकत सांगते आणि पोलीस तिला गोड बोलून वाटेला लावतात. पहिल्यांदा बघताना तो प्रसंग नुसती ओळख वाटतो. शेवटी दरोड्याचे पैसे घरात आहेत असं ती खरं खरं सांगायला जाते, तेव्हा कोणी विश्वास ठेवत नाही, आणि पैसे तिच्याकडेच राहतात. पहिल्या काही मिनिटांत पेरलं ते शेवटी उगवलं. आपल्या गोष्टीत हे काम आत्याचं आहे. तिला दुष्ट करू नका. तिला खरोखर नथ आवडली आहे, तशीच एक सुनेसाठी घडवायची आहे, म्हणून ती सारखी मागते.

आता ट्रॅक्टरवाला. त्याला तुम्ही विदूषक करणार, हे मला सकाळच्या गोष्टींवरून दिसतं आहे. करू नका. सगळेच जोकर झाले की धोका संपतो आणि धोका संपला की हसूही संपतं. वाळूच्या धंद्यातली दहशत नदीकाठच्या गावांना सांगायला नको. हा माणूस पडद्यावर आला की प्रेक्षक गप्प व्हायला हवा. शिवाय या वेळी तो फसवला गेलेला आहे, म्हणजे त्याचं म्हणणं रास्त आहे. दांडगट आणि वर बाजू खरी, अशा माणसाला भाऊ काय उत्तर देणार? आपण दिलेली नथ खोटी होती हे त्यांना ठाऊकच नाही. ते शपथेवर सांगतात की खरी दिली. तो म्हणतो, मग कानबाईला घातलेली खोटी आहे का? संजू बोलून जातो, "ती आम्हीच खोटी ठेवली." दोन्ही बाजू खरं बोलताहेत आणि त्यामुळेच प्रकरण चिघळतं आहे. खोट्यानं गुंता होतो हे सगळ्यांना सुचतं. खऱ्यानं गुंता वाढवता आला की लेखक तयार झाला म्हणायचा.

पोलीस पाटलालाही बावळट करू नका. तो दारात आला आहे वाळूच्या तक्रारीवरून, ट्रॅक्टर शोधत. भावांना वाटतं नथीसाठी आला. तो सहज विचारतो, "कालदी रातले कोन उनथं?" म्हणजे काल रात्री कोण आलं होतं, आणि भिकाच्या हातातला तांब्या पडतो. पाटील आपलं काम चोख करतो आहे, फक्त त्याच्या प्रश्नांना दुसऱ्याच गुन्ह्याची उत्तरं मिळताहेत.

हे सगळे धागे एका जागी यायला हवेत, आणि ती जागा आधीपासून ठरलेली दिसली पाहिजे. सोमवारी कानबाई नदीवर निघाली. वाळूचा ट्रॅक्टर कुठे उभा असणार? नदीतच. पाटील कुठे जाणार? तिथेच. ट्रॅक्टरवाल्यानं भावांना कुठे गाठायचं ठरवलं आहे? विसर्जनाच्या आधी दागिने उतरवतात तिथे. कोणाला ओढून आणावं लागलं नाही. कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों'मध्ये, १९८३ मध्ये, प्रेतामागे धावणारी सगळी मंडळी महाभारताच्या नाटकाच्या रंगमंचावर जाऊन आदळतात आणि खून झालेल्या डिमेलोचं प्रेत द्रौपदी होतं. तो प्रवेश लोकांना तोंडपाठ आहे. पण तो इतका हसवतो याचं कारण त्याच्या बरंच आधी घडलेलं आहे. दोघा फोटोग्राफरांनी बागेत काढलेला एक फोटो मोठा करत नेला आणि त्यात खून दिसला. तो प्रसंग कुठेही हसण्यावारी नेलेला नाही. खून खरा आहे, पूल खराच कोसळला आहे. आणि शेवटी त्याच पुलासाठी विनोद आणि सुधीर या निरपराध फोटोग्राफरांना कैद्याचे कपडे चढतात. तिथे हसू घशात अडकतं. गुन्हा पहिल्यापासून खरा ठेवला होता, म्हणूनच दिग्दर्शकाला तो शेवट करता आला.

आपल्या नथीचा शेवट मी असा करीन. पाटलाला बघून ट्रॅक्टरवाल्याला नथीबद्दल ब्रही काढता येत नाही, कारण तोंड उघडलं तर आधी ट्रॅक्टरचा हिशेब द्यावा लागेल. भावांचं कर्ज मात्र तसंच राहतं, ते माफ करू नका. दागिने उतरवताना मोठी माय भिकाच्या हातात नथ देते आणि दोघा भावांच्या कानात विहिरीची गोष्ट सांगते. आता खरी नथ उरलेली नाही, हे तिघांनाही ठाऊक आहे. फक्त आत्याला नाही, आणि ती सांगते आहे की पुढच्या वर्षी सोनार बरोबर घेऊन येईन.

एक गोष्ट अजून सांगायची आहे आणि ती मला फार जिव्हाळ्याची आहे. तुमच्या गोष्टींत अहिराणी फक्त हसवणारा माणूस बोलतो. पोलीस प्रमाण मराठी बोलतो, डाव रचणारा शहरी हिंदी बोलतो आणि "माले काय माहीत भो" म्हणणारा तेवढा अहिराणी. आपल्या आईची भाषा आपणच वेंधळ्याच्या तोंडी का ठेवायची? डाव रचणारा अहिराणीत डाव रचू दे. ट्रॅक्टरवाल्यानं अहिराणीत हळू आवाजात दम दिला की अंगावर काटा येतो, ते ज्यांनी ऐकलं आहे त्यांना माहीत आहे. मोठ्या मायचा तो नियम मी अहिराणीत सांगितला तेव्हा तुम्ही हसलात, पण भाषेला हसला नाहीत, तिच्या हुशारीला हसलात. एवढा फरक प्रत्येक प्रसंगात सांभाळा.

आता मागून प्रश्न आला आहे, की हे कमी पैशात कसं करायचं. ही गोष्ट एका घरात, एका रात्रीत आणि थोडी नदीकाठी घडते. दिवे घरचे, दागिने खोटे, तेही गोष्टीनंच मागितलेले. खर्च माणसांचा नाही, विचाराचा आहे.

जेवणानंतर प्रत्येकानं आपल्या गोष्टीतला एकच प्रसंग घ्यायचा. कागदावर पात्रांची नावं लिहायची आणि प्रत्येकासमोर दोन ओळी: याला काय ठाऊक आहे, हा काय लपवतो आहे. शेवटी एक नाव प्रेक्षकाचं. त्याच्यासमोरची ओळ कोरी राहिली, तर प्रसंग पुन्हा लिहायला घ्या, आणि संवादांना मात्र आज हात लावू नका.